९५ टक्के म्हणजे भरवशाची म्हैस (एक्सकॉम २ मध्ये सारखं हरणाऱ्या भावासाठी)

तुझा प्रश्न असा की पहिला एक्सकॉम (एलियनशी पाळीपाळीने लढायचा गेम) क्लासिक या कठीण पातळीवर संपवला, मग एक्सकॉम २ मध्ये गेममधल्या दोन महिन्यांच्या आत सगळा स्क्वॉड का मरतो, आणि स्क्रीनवर लागायची शक्यता ९० टक्के दाखवलेले शॉट चुकतात म्हणजे गेम चीट करतो का.

करतो की. फक्त तुझ्या बाजूने करतो. खालच्या डिफिकल्टींवर तुझे शॉट चुकायला लागले की गेम पुढच्या शॉटला गुपचूप टेकू देतो, स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा खरे चान्स जास्त असतात, सगळ्यात कठीण लेजंडवर गेलास की हे लाड बंद. तरी आपल्याला चुकलेलेच लक्षात राहतात, भरवशाच्या म्हशीला टोणगा झालेला माणूस विसरत नाही. पण हिशोब कर ना, ८० टक्क्यांचे चार शॉट घेतलेस तर चारही लागायची शक्यता ४१ टक्के आहे फक्त, म्हणजे "चौघांनी मारलं की काम झालं" हा प्लॅन निम्म्याहून जास्त वेळा फसणारच, यात गेमची काय चूक.

तुझा खरा प्रॉब्लेम मला वेगळाच वाटतो, तू दुसरा गेम पहिल्यासारखा खेळतोयस. मीपण तेच केलं होतं. २०१२ च्या एनिमी अननोनमध्ये आपण म्हणजे सरकारी फौज, दोन पावलं पुढे जायचं, सगळ्यांना ओव्हरवॉचवर (म्हणजे शत्रू हलला की आपोआप गोळी) बसवायचं, परत दोन पावलं, कंटाळवाणं पण चालायचं. २०१६ चा हा भाग असं धरून चालतो की ते युद्ध आपण हरलो, वीस वर्षं एलियनचं राज्य आहे, अॅडव्हेंट नावाचं त्यांचं सरकार आहे आणि आपण चोरलेल्या जहाजात लपून फिरणारे बंडखोर. हे नुसतं कथेपुरतं नाहीये. टायमर त्यासाठीच आहेत, सुरुवातीला लपलेले असतो ते त्यासाठीच. आठ टर्नमध्ये हॅक करून निघायचंय तिथे तू ओव्हरवॉच करत सरपटत गेलास की शेवटच्या दोन टर्नला धावाधाव होणार, आणि माणसं त्या धावाधावीत मरतात.

माझंच सांगतो. मी सैनिकांना घरच्यांची नावं देतो (सगळेच देतात, देऊ नका म्हणून कितीही सांगा). आत्या माझी शार्पशूटर होती, निशाणा जबरदस्त, स्वभावपण थोडा खऱ्या आत्यासारखाच म्हणजे लांबून टिपणार. तीन टर्न उरलेले, आत्या छतावर, समोरचा पॉड (एकत्र फिरणारं शत्रूंचं टोळकं) नुकताच संपवलेला, सगळ्यांच्या चाली वापरून झाल्या होत्या आणि एकटा मामा शिल्लक होता. म्हटलं वेळ वाचवू, मामाला पिवळ्या रेषेपर्यंत (म्हणजे दोन्ही चाली धावण्यात घालवून) पळवला रस्त्याच्या पलीकडच्या गाडीमागे. तिथे कोपऱ्यावर तीन जणांचा नवा पॉड उभा. त्यांना फुकटची चाल मिळाली, तिघं मस्त कव्हरमध्ये (आडोशाला) जाऊन बसले, आणि माझ्याकडे काय शिल्लक, शून्य. पुढची पाळी त्यांची. वायपर नावाच्या सापासारख्या एलियनने जीभ टाकून आत्याला छतावरून खाली ओढलं आणि विळखा घातला, मामा उघड्यावरच होता, तो गेला, त्याला पडताना बघून तिसरा पॅनिक झाला. एका टर्नमध्ये मिशन, आत्या आणि मामा सगळं गेलं. आता सांग, यात टक्क्यांचा संबंध कुठे आला? मी एकही शॉट चुकलो नव्हतो.

तर सगळं यावर अडतं, कोण आधी हलतं. नवी जागा उघडायची असेल तर ती टर्नच्या पहिल्या चालीत, निळ्या रेषेच्या (एका चालीच्या अंतराच्या) आत, म्हणजे पॉड दिसलाच तर बाकीच्यांच्या पूर्ण चाली हातात असतात. आणि बाकीच्यांनी पहिल्याने पाहिलेल्या जागेतूनच चालायचं, बाजूच्या गल्लीत कोण आहे हे बघायला शेवटच्या माणसाने जायचं नाही म्हणजे नाही. रेंजरची (जवळून लढणाऱ्या सैनिकाची) तलवार इथेच घात करते. मारायला पळत जातो, मारतोही, आणि पलीकडचे तीन उठवून ठेवतो. (आणि म्यूटन नावाच्या एलियनवर तलवार चालवू नकोस, तो अडवून उलट तुलाच हाणतो. सेक्टॉइड या दुसऱ्या एलियनवर मात्र बिनधास्त, त्याला तलवार जास्त लागते.)

लपलेले असताना लाल झालेल्या चौकोनात पाऊल टाकलं की दिसतोस, तेवढं सोडून पॉडच्या जवळ जा, दोघातिघांना ओव्हरवॉचवर बसव आणि मग एकाने सुरुवात कर. एरवी ओव्हरवॉचच्या शॉटचा निशाणा कापला जातो, या दबा धरलेल्या पहिल्या हल्ल्यात तो कापत नाहीत. गनिमी कावा शाळेत चौथीत शिकलो आपण आणि गेममध्ये समोरून छाती काढून जातो, काय बोलायचं.

आता मारामारी सुरू झाल्यावर. नवख्या सैनिकाचा निशाणा साधारण ६५ असतो, अर्धं कव्हर त्यातले २० खातं आणि पूर्ण कव्हर ४०. म्हणजे भिंतीमागच्या एलियनवर तुझा पोरगा २५ टक्क्यांवर शॉट मारतोय, अंतराचा फायदातोटा सोडून. हे शॉट घ्यायचेच नसतात. आधी ग्रेनेड टाक. ग्रेनेडला टक्केवारी नाही, तो लागतोच, आणि वर कव्हर उडवतो, की मग मागच्यांना तोच एलियन उघड्यावर मिळतो. ग्रेनेडने मेलेल्याची लूट मिळत नाही म्हणून लोक हात राखतात, अरे लूट गेली तर गेली, सैनिक परत मिळणार आहे का? मी पहिल्या दोन महिन्यांत दोन ग्रेनेडिअर घेतल्याशिवाय बाहेरच पडत नाही. स्पेशालिस्ट या सैनिकाच्या ड्रोनचा कॉम्बॅट प्रोटोकॉल हा हल्लापण न चुकणारा आहे, एक-दोन हेल्थ उरलेल्यासाठी तो राखून ठेव. उंचीवर गेलास की निशाणा २० ने वाढतो म्हणून शार्पशूटर छतावर, आणि तिचा शॉट शेवटी, बाकीच्यांनी कव्हर फोडल्यावर.

फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा ग्रेनेड) कोणी घेत नाही, तू घे. सेक्टॉइडने आपला माणूस वश केला की त्या सेक्टॉइडवर फ्लॅशबँग टाक, माणूस परत आपला. फेसलेस नावाच्या एलियनचं पोस्टमॉर्टेम झाल्यावर मिमिक बीकन बनवता येतो, तो फेकला की एलियन आपल्याला सोडून त्या पुतळ्यालाच गोळ्या घालत बसतात, टर्न अख्खी फुकट मिळते. इतका भारी आहे की मला कधीकधी लाज वाटते वापरताना. वापरतोच.

तळावर फार डोकं लावू नकोस सुरुवातीला. गुरिल्ला टॅक्टिक्स स्कूल आधी बांध, चारऐवजी पाच आणि मग सहा जण नेता येणं हा या गेममधला सगळ्यात मोठा अपग्रेड आहे. मग मॅग्नेटिक बंदुका. पहिल्या गेममध्ये प्रत्येकाला वेगळी बंदूक विकत घ्यावी लागायची, इथे एकदा घेतली की सगळ्या स्क्वॉडला मिळते, त्यामुळे पैसे साठवत बसू नकोस.

अवतार प्रोजेक्टच्या (एलियनच्या गुप्त योजनेच्या) लाल बारला तू घाबरलायस असं दिसतंय, दोन फॅसिलिटी (त्या योजनेचे तळ) उडवायला अर्धमेला स्क्वॉड पाठवलास म्हणतोस. बार भरला म्हणजे गेम ओव्हर नाही. भरल्यावर काउंटडाउन सुरू होतो, त्यात एखादी फॅसिलिटी उडवली किंवा ब्लॅकसाइटसारखं कथेतलं मिशन केलं की बार खाली येतो आणि तो थांबतो. मी तर मुद्दाम एक फॅसिलिटी हाताशी राखून ठेवतो, बार काठोकाठ आला की मग उडवायची. ब्रॅडफर्ड (गेममधला आपला सहायक अधिकारी) कानाशी ओरडत राहतो, त्याला ओरडू दे.

माणूस मागे राहिला तर लगेच रीलोड नको करू, पकडला गेलेला सैनिक पुढे सोडवायच्या मिशनमध्ये परत मिळू शकतो. आणि मिशन हातातून जातंय असं वाटलं तर इव्हॅक (सुटकेचं विमान) बोलाव आणि पळ, जिवंत चार लोक हे जिंकलेल्या मिशनपेक्षा महाग असतात.

वॉर ऑफ द चोझन आत्ता घेऊ का हेही विचारलं होतंस. २०१७ चं ते एक्स्पान्शन झकास आहे पण त्यात तीन चोझन (खास ताकदवान शत्रू) तुझ्या मागे लागतात, सैनिक थकतात, लॉस्टच्या (झॉम्बींच्या) झुंडी येतात, आधीच बुडतोयस त्यात हे कशाला. साधा गेम एकदा संपव. टायमरने खरंच जीव नको झाला असेल तर मात्र घे, त्यात मिशनचे टायमर दुप्पट करायचा ऑप्शन आहे, लावला तर कोणी हसत नाही.

आयर्नमॅन (एकच सेव्ह, मागे जाता येत नाही) चालू केलायस, तो मध्येच बंद होत नाही, आजच्या आज त्याच्याशिवाय नवा गेम सुरू कर. शिकताना सेव्ह हवाच. फक्त एक लक्षात ठेव, रीलोड करून तोच शॉट तसाच मारलास तर परत तसाच चुकेल, फासे आधीच पडलेले असतात. आधी दुसऱ्या कोणाला तरी हलव, मग मार.