मळणीला लावला की ट्रॅक्टर उकळतो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी घेतलेला मॅसी १०३५ ट्रॅक्टर चाळीस वर्षांनंतरही आमच्याकडे चालू आहे. नांगरटीला काही त्रास नाही, पण ज्वारीच्या मळणीला लावला की अर्ध्या तासात पाणी उकळून टोपणाखालून बाहेर येतं. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच. मोठा रॅडिएटर बसवावा का?
— एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : मोठ्या रॅडिएटरसाठी पैसे घालू नका. हेच इंजिन याच रॅडिएटरवर तुमच्या वडिलांच्या हातात वैशाखातही चाललं असणार. तेव्हा उकळत नव्हतं आणि आता उकळतं, म्हणजे मधे काहीतरी तुंबलंय.

आधी बाहेरून बघा. मळणीला ट्रॅक्टरचं तोंड कुठल्या बाजूला असतं? फॅन समोरून हवा ओढतो. वारा यंत्राकडून ट्रॅक्टरकडे येत असेल, तर सगळं भुसकट थेट रॅडिएटरच्या जाळीवर जाऊन चिकटतं. नांगरताना ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो, इथे तासन्‌तास एका जागी उभा. म्हणून खळ्यावर तोंड वाऱ्याकडे आणि यंत्र मागे, अशी मांडणी करा. जाळी साफ करताना पाणी लगेच मारू नका, भुसकट आणि धूळ भिजली की चिखलासारखी बसते. आधी कोरडी हवा, तीही इंजिनाच्या बाजूने समोर. दाब बेताचा ठेवा, नाहीतर जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

आता आतलं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं, ते घरातल्या गीझरच्या कॉइलवर दिसतंच. तोच पांढरा थर इंजिनाच्या आत बसतो, त्यात लोखंडाचा गंज मिसळतो आणि सगळा गाळ ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाच्या, तळाला साचतो. रॅडिएटरचा पाणी सोडायचा कॉक सगळेच सोडतात. ब्लॉकच्या बाजूला दुसरा कॉक आहे, तो मात्र वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. गार इंजिनावर तो उघडा. माझ्याकडे आलेल्या अशाच एका जुन्या मॅसीचा कॉक पूर्ण उघडला, तर थेंबही पडला नाही. रॅडिएटर मात्र काठोकाठ भरलेला. भोकातून तार घालून ढवळली, तेव्हा आधी कॉफीच्या रंगाचा घट्ट चिखल आला, मग पापुद्रे, आणि पाणी सगळ्यात शेवटी. शेवटच्या सिलिंडरभोवती पाणी फिरतच नव्हतं. तुमच्याकडेही हेच असावं, असं मला वाटतं. कॉक काढून घ्या, तार फिरवत राहा आणि वरून नळी लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. रॅडिएटर उतरवून खालच्या तोंडातून उलटं पाणी सोडा. तेवढ्यानं नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर रॅडिएटरवाल्याकडून टाकी खोलून सळी घालून घ्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरतं तापल्यावरच ते रॅडिएटरकडे सोडणारी झडप, मात्र परत बसवा, यावर माझा आग्रह आहे. तो काढला की इंजिन सकाळी लवकर तापत नाही. गार सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, ते पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजतो. नवा आणलात तरी आधी तपासा. पातेल्यात पाणी घेऊन तो दोरीला लटकता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. थर्मोस्टॅटवर ८२ अंश लिहिलेलं असेल, तर त्या सुमाराला झडप हलायला लागली पाहिजे.

टोपणाचं रबर बघा. आपल्या उंचीवर उघडं पाणी ९८-९९ अंशांना उकळतं. ७ पौंड दाब धरणारं टोपण नीट बसलं, तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत तग धरतं. खालचा होज पाइप रेस वाढवल्यावर चपटा होतो का, तेही पाहा. त्या बाजूला पंप ओढतो, पाइप मऊ झाला असेल तर आत चिकटून पाणी अडतं. फॅन आणि पंप फिरवणारा पट्टा सैल असेल तर ताणा.

एवढं करूनही उकळलं, तर हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी, गेली असेल. गार इंजिनात पाणी काठोकाठ भरा, फॅनचा पट्टा काढा, टोपण उघडं ठेवून इंजिन मिनिटभर चालवा. पंप बंद असताना बुडबुडे सतत येत राहिले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय.

उकळलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नका. मी विशीत असताना भर मळणीत बादलीभर विहिरीचं पाणी ओतलं होतं. आतून एक बारीक ‘टण्’ ऐकू आलं आणि हेड तडकलं. त्या हंगामाची उरलेली मळणी आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरवर केली. लोड काढा, इंजिन हळू चालू ठेवा, मग बंद करा आणि टोपणाला तासभर हात लावू नका.

प्रश्न : आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : कूलंट नुसतं पाणी गोठू नये म्हणून नसतं, ते गंज थांबवण्यासाठीही पाण्यात मिसळतात. वर सांगितलेला चिखल त्यानेच थांबतो. डब्यावरचं प्रमाण पाळा, आणि मिसळायला बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी घ्या. इंजिन धुऊन झाल्यावरच भरा. गाळावर ओतलेलं कूलंट वाया जातं.

प्रश्न : माझा जुना आयशर हवेवर गार होतो. त्याला पाणीच नाही, तर काळजी कसली?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : तुमच्या इंजिनात पाण्याचं काम सिलिंडरवरचे पंख करतात. नॉझलच्या पाइपातून डिझेल किंवा कुठून ऑइल गळलं की त्यावर धूळ बसून लेप तयार होतो आणि हवा वरूनच निघून जाते. आधी गळती बंद करा. मग पत्र्याचं आवरण काढून लाकडी काडीने प्रत्येक फट मोकळी करा, डिझेलच्या ब्रशने धुवा आणि आवरण परत नीट बसवा. ते अडचण म्हणून काढून ठेवलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. हवा पंखांमधून जाते ती त्या आवरणामुळेच.