वाचतात सगळे, बोलत कुणीच नाही

"सोशल मीडियावर टोपणनावानं लिहिते. हजारभर लोक वाचतात, पण बोलत कुणीच नाही. मग मी लिहिते कुणासाठी? खरं नाव सांगून टाकलं तर बोलतील का?"

हा प्रश्न समुपदेशनात आता वारंवार येतो. घरातलं आजारपण निभावणाऱ्या सुना, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे नवरे, दारू सोडलेले तरुण... दुखणं प्रत्येकाचं निराळं, अडायची जागा मात्र हीच. खालची हकिकत दोन-तीन जणींच्या अनुभवांतून जुळवली आहे. नाव, गाव, वय, नाती सगळं बदललं आहे.

त्यांना वसुधाताई म्हणू. वय ४६, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी, नवरा कामानिमित्त सतत फिरतीवर. सासूबाई ७८ वर्षांच्या, चार वर्षांपासून अल्झायमर. संध्याकाळचे पाच वाजले की त्यांची घालमेल सुरू होते. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणतात. कपाटाच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवतात आणि मग सुनेवर चोरीचा आळ घेतात. या आजारात हे नेहमीचं आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. पण सांगितलं होतं म्हणून रोजचा आळ कमी टोचतो असं नाही. रात्री सगळे निजले की वसुधाताई हे सगळं इन्स्टाग्रामवर टोपणनावानं लिहीत. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

त्या आल्या झोपेची तक्रार घेऊन. मजकूर टाकला की दर पाच-दहा मिनिटांनी फोन बघायचा, असं रात्री दीड-दोनपर्यंत. नऊशे जणांनी पाहिलेलं असायचं आणि लाईक तेरा. "मॅडम, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. भिंत तरी बरी, ती निदान बघून गेल्याचं कळवत नाही."

अशा वेळी आधी आकडे नीट वाचायला लागतात. त्यांना शेवटच्या सहा मजकुरांचे तीन आकडे कागदावर उतरवून आणायला सांगितलं: लाईक किती, सेव्ह किती, शेअर किती. (प्रोफेशनल प्रकारचं खातं असेल तर हे आकडे दिसतात, साध्या खात्यावर सगळे दिसत नाहीत.) गणपतीतल्या उकडीच्या मोदकांवर लिहिलेल्या मजकुराला १४० लाईक होते आणि सेव्ह ४. "आज सासूबाईंवर ओरडले, मग न्हाणीघरात नळ सोडून रडले" या मजकुराला लाईक १३, सेव्ह मात्र ७१ आणि शेअर ३८.

लाईक चारचौघांत दिसतो. जिच्या घरी हेच चाललंय तिनं त्या मजकुराला लाईक दिला, तर तो तिच्या जावेला दिसू शकतो, नणंदेला दिसू शकतो, शेजारच्या काकूंनाही दिसू शकतो. लगेच प्रश्न येणार, "काय गं, तुझ्याकडेही असंच आहे का?" सेव्ह केलेलं कुणालाच दिसत नाही. लिहिणारीलासुद्धा नुसता आकडा कळतो, नावं कळत नाहीत. म्हणजे वसुधाताई जशा टोपणनावाआड उभ्या होत्या, तशाच त्यांच्या वाचणाऱ्या गप्प राहण्याआड उभ्या होत्या. दोघींचं कारण एकच. आपण नाव उघड केलं म्हणजे समोरचीही उघड होईल, हा हिशेब इथेच चुकतो. तिचं घर, तिची जाऊ, तिची नणंद जागच्या जागीच असतात.

मात्र या आकड्यांतून फार अर्थही काढू नये. ७१ सेव्ह म्हणजे ७१ समदुःखी बायका नव्हेत. कुणाला तरी पुन्हा वाचावंसं वाटलं, एवढंच त्यातून कळतं. पण "कुणालाच काही वाटत नाही" हे वाक्य खोडायला तेवढं पुरतं.

"नाव लपवणं म्हणजे भित्रेपणाच ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. यावर मराठीतलं जुनं उदाहरण उपयोगी पडतं. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात इतकी थेट होती की गदारोळ उठला आणि ही बाई आहे तरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्याच काळात र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक आपल्या शरीराबद्दलचे, घरात उच्चारताही न येणारे प्रश्न विचारत. त्या प्रश्नांना छापून दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. जे बोलायची सोय घरात नसते ते आडपडद्यानंच बाहेर येतं. त्याला भित्रेपणा म्हणण्याचं कारण नाही.

आता झोपेचं. लिहिण्यानं मन हलकं होतं हे खरं, पण ते कुणी वाचल्यामुळे होतं असं नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगांबद्दल लिहिलं. प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यांच्या लिखाणाला लाईक द्यायला कुणीच नव्हतं. "लगेच जास्त वाईट वाटतं" ही गोष्ट महत्त्वाची आहे. नेमक्या त्याच घडीला वसुधाताई मजकूर टाकत आणि दिलाशाची वाट बघत बसत. रात्री साडेअकराला टाकलेल्या मजकुराला रात्रीच दिलासा मिळणार कुठून?

म्हणून लिहिणं आणि टाकणं वेगळं केलं. रात्री १५ मिनिटं वहीत, घड्याळ लावून. वही बंद केली की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. तीन दिवसांनी, उजेडी, वही उघडून ठरवायचं की यातलं काय टाकायचं. टाकायचे वार ठरलेले, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. आकडे बघायचे आठवड्यातून एकदा, रविवारी. पहिला आठवडा जड जातो, हात आपोआप फोनकडे जातो. वसुधाताईंनी तर फोन साडीच्या घडीत ठेवून पाहिला आणि तो शोधायला मध्यरात्री कपाट उपसलं. तिसऱ्या आठवड्यात झोप साडेअकरा-बारावर आली. इतपत बदल अपेक्षित असतो. तीन-चार आठवड्यांनीही झोप आली नाही, भूक गेली, कशातच रस वाटेना, तर हा लिहिण्याचा प्रश्न उरत नाही. मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं.

नाव सांगायचं की नाही, हे "जगाला सांगू का" अशा ठोक भाषेत ठरत नाही. कुणाकुणाला, असं सुटं करून विचारावं लागतं: घर, गाव आणि ऑफिस, अनोळखी वाचक. वाचकांना नाव कळून वसुधाताईंना काही मिळणार नव्हतं. गावाला कळलं तर सासूबाईंचं आजारपण चव्हाट्यावर येणार होतं, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्या सासूबाई "लिही" किंवा "नको लिहू" यातलं काहीच सांगू शकत नाहीत. माझ्या मते अशा वेळी झुकतं माप त्यांना द्यावं. मानसिक आजाराच्या रुग्णाला आपली माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ देतो. सुनेच्या लेखणीला तो कायदा लागू नाही, पण माणूस तेच आहे. उरलं घर. तिथे सांगणं गरजेचं होतं, कारण लपवण्याचा खरा ताण तिथलाच होता.

नवऱ्याला सांगायची तयारी करून घेतली. फोन हातात देऊन "बघा" म्हणायचं नाही, कारण माणूस बोटानं सरकवत सरकवत नेमका सगळ्यात कडू मजकुरावर थांबतो. तीन मजकूर निवडून कागदावर छापून घेतले: एक सासूबाईंच्या जुन्या आठवणींचा, एक थकव्याचा, एक रागाचा. वेळ रविवारी दुपारची, पाचच्या आत. पहिलं वाक्यही ठरवून दिलं: "मी हे दीड वर्षं लिहितेय, आपलं कुणाचंही नाव यात नाही, आधी वाचा, मग बोलू." नवरा आईवरच्या मजकुरावरून भडकेल, अशी त्यांची धास्ती होती. तो भडकला तो भलत्याच गोष्टीवर. "पुण्याचा धाकटा दिवाळीपुरताच येतो, औषधांना पैसे देत नाही" असं एका मजकुरात होतं. भावानं वाचलं तर? तेवढा एक मजकूर काढून टाकला. बाकीच्या मजकुरांना त्याची हरकत नव्हती. निदान त्या दुपारी तरी तो नाही म्हणाला नाही, आणि अशा बाबतीत तेवढ्यावर थांबावं. उत्साहाच्या भरात नवऱ्याला "तुम्हीपण फॉलो करा ना" म्हणू नये.

टोपणनाव फुटतं कसं, हेही नीट समजून घ्यावं. क्वचितच कुणी तपास करून शोधतं. आपणच खुणा सोडतो. खातं ज्या मोबाइल नंबरवर उघडलं तो ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांना ते खातं सुचवलं जाऊ शकतं. म्हणून ईमेल वेगळा घ्यावा, नंबर जोडू नये, आणि फोनमधले संपर्क जोडण्याची सेटिंग बंद ठेवावी. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव असतं. खिडकीतून समोरची इमारत दिसते. आज घडलेलं आजच लिहिलं तर दवाखान्यात भेटलेल्या ओळखीच्या बाईला लगेच उमगतं. म्हणून प्रसंग दोन-तीन आठवडे मागे-पुढे करावेत, 'सासू' ऐवजी 'आत्या' करावी, जिल्हा बदलावा. सगळ्यात जास्त घात करतात घरातले ठेवणीतले शब्द. सासूबाईंची एखादी म्हण, कुत्र्याचं नाव, भाचीला मारायची खास हाक, हे ज्या घरचं आहे त्या घरचा माणूस एका ओळीत ओळखतो.

वसुधाताईंच्या बाबतीत फोडलं कालनिर्णयानं. चहाच्या कपाच्या फोटोत मागे भिंतीवरचं पान आलं होतं, त्यात १२ तारखेच्या चौकोनात निळ्या शाईनं "सिलेंडर आला" आणि त्याखाली "आई – रक्त तपासणी". नणंदेनं अक्षर ओळखलं. ती आठ महिने गुपचूप वाचत होती. एका लाईकनंही तिनं तसं कळू दिलं नव्हतं. पुढे तिनंच फोन केला आणि सुरुवात भांडणानं झाली: "अगं, मला सांगायला काय झालं होतं? हजार लोकांना सांगतेस!" इथे सफाई देत बसू नये. वसुधाताई एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला यावं लागलं असतं, वन्सं. त्या हजारांना यावं लागत नाही." नणंद आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येते. आली की स्वयंपाकघर आपल्या पद्धतीनं लावून जाते, ती तक्रार वेगळी.

राहिली ती गोष्ट जिनं वसुधाताई खऱ्या अर्थानं हादरल्या होत्या. एका अनोळखी बाईनं रात्री निरोप पाठवला: "दीड वर्ष वाचतेय. आज पहिल्यांदा लिहिते. तुम्ही माझ्याच घरातलं लिहिता. मलाही आता सगळं नको झालंय." वसुधाताई चार रात्री एक-एक वाजेपर्यंत उत्तरं देत राहिल्या. मग त्या बाईनं फोन नंबर मागितला, आणि घाबरून त्यांनी तिला ब्लॉक केलं. दोन्ही टोकं टाळावीत. गप्प वाचणारी व्यक्ती मनात लिहिणाऱ्याशी कधीपासून बोलत असते. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच टीव्ही-रेडिओवरचे निवेदक आणि त्यांचे प्रेक्षक-श्रोते यांच्यातल्या अशा एकतर्फी जवळिकीबद्दल लिहून ठेवलंय. वाचणारीला दीड वर्षाची मैत्रीण असते, लिहिणारीला ती आज भेटते. म्हणून पहिल्याच निरोपात इतकं येतं.

"नको झालंय" याचा अर्थ स्वतःच लावू नये, सरळ विचारावं: "म्हणजे जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही. उलट विचारणारं कुणीतरी भेटतं. उत्तर 'हो' आलं, तर आत्ता घरात कोण आहे ते विचारावं, त्यांना उठवायला सांगावं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. लगेचच धोका वाटला तर ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर. उत्तर 'नाही' आलं, तर चार ओळी पुरतात. वसुधाताईंनी ब्लॉक काढून पाठवलेल्या ओळी अशा: "तुमचा निरोप वाचला, मधे मी घाबरून गप्प झाले. संध्याकाळी घरी जायचा हट्ट, हे तुम्ही लिहिलेलं मलाही रोजचं आहे. मी फोनवर बोलू शकत नाही, पण आठवड्यातून एकदा इथले निरोप वाचते. आजी-आजोबांच्या देखभालीबद्दल विचारायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे." पोच, एक नेमकी गोष्ट, आपली मर्यादा, पुढची वाट. सल्ला नाही, आणि "मी आहे ना" हे वचन तर नाहीच, कारण ते पाळता येत नाही. आठवड्यानं एकदा विचारपूस करावी. उत्तर आलं नाही तर पुन्हा मागे लागू नये.

गप्प वाचणाऱ्यांपैकी कुणाला लिहिणारीपर्यंत काही पोचवायचं असेल, तर दोन ओळींचा खासगी निरोप पुरतो. कोणता मजकूर, त्यातलं काय लागू पडलं, आणि शेवटी "उत्तर दिलं नाही तरी चालेल". हे शेवटचं वाक्य विसरू नये, त्यानं समोरचीवर ओझं येत नाही. तुम्ही कोण, कुठल्या, हे विचारू नये. आणि अक्षरावरून, म्हणीवरून ओळखलंच, तर ते तिसऱ्याला सांगण्याआधी तिला एकटीला सांगावं.