अंबाडा पक्का हवा, घट्ट कशाला?

लांब केसांचा अंबाडा दिवसभर टिकावा आणि डोकंही दुखू नये, यासाठी काय करावं असं विचारणारे बरेच प्रश्न आले. त्यांतले सहा या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत आहेत. सकाळी रबराने पोनी घालून तिचाच अंबाडा करते. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. सोडला की बरं वाटतं, पण मुळांना हात लावला तरी दुखतं. सैल बांधला तर तासाभरात मानेवर येतो. काय करावं?

उत्तर : केस सोडल्यावर तासाभरात थांबते ती ओढीची डोकेदुखी. इथे दोष लांबीचा नाही, खालच्या रबराचा आहे. रबर सगळे केस एका छोट्या कड्यात आवळतं. मग कपाळापासून मानेपर्यंतचा प्रत्येक केस त्या एकाच ठिकाणाकडे ताणलेला राहतो. शिवाय पोनीवर रचलेला अंबाडा डोक्यापासून बाहेर निघतो. वजन तेवढंच असतं, पण ते डोक्यापासून जितकं लांब, तितकी मुळांना ओढ जास्त. भरलेली पिशवी अंगाशी धरून उचला आणि मग हात लांब करून उचला, म्हणजे फरक कळेल. म्हणून अंबाडा चपटा आणि डोक्याला टेकलेला हवा.

रबर बाजूला ठेवा. केस विंचरून, कानांच्या वरच्या टोकांच्या रेषेत, मागे एका हातात धरा. हनुवटी किंचित खाली असू द्या. बहुतेकींचं इथेच चुकतं. मान मागे टाकून केस चापले की मानेवरचे केस त्या वेळी सैल पडलेले असतात आणि तेवढेही आवळले जातात. मग लिहायला, भांडी घासायला खाली वाकलं की तेच केस खेचतात. हनुवटी खाली ठेवून बांधलं की वाकण्याची जागा आधीच राखलेली असते.

डोक्यालगतचे दोन बोटं केस न पिळता सोडा. पुढच्या शेपट्याला एकाच दिशेने पीळ द्या आणि तो आपणहून वळायला लागला की थांबा. त्यापुढचा प्रत्येक पीळ थेट मुळांना जातो. आता चुंबळ करतात तसं वेटोळं घाला. पहिला वेढा डोक्याला टेकलेला, दुसरा त्याच्या बाहेरून. वेढ्यावर वेढा चढवू नका. शेंडे शेवटच्या वेढ्याखाली खोचा.

चार यू पिना पुरतात : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पिनेची टोकं अंबाड्याच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर रोखून धरा. कडेच्या वेढ्याचे थोडे केस घ्या, टोकं डोक्याला हलकेच टेकवा, मग पिन उलटी फिरवून अंबाड्याखालून मध्याकडे सरकवा. उलटवताना बोटांना थोडं अडल्यासारखं जाणवलं पाहिजे, कारण ते अडणं म्हणजेच पकड. सरळ खुपसलेली पिन चार पावलांत बाहेर येते. मग माणूस पिना वाढवत जातो, अंबाडा आवळत जातो आणि पुन्हा डोकं दुखतं.

शेवटी भुवया उंचावून पाहा, हनुवटी छातीला लावा, मान दोन्हीकडे वळवा. कुठे खेचलं तर अंबाडा सोडायची गरज नाही. त्या ठिकाणी अंबाड्याच्या कडेलगतचे केस बोटाच्या पेराने जरासे बाहेर ओढा. मुळं आधीच दुखत असतील तर दोन-तीन दिवस सैल वेणी घाला, आणि पुढे अंबाड्याची जागा रोज थोडी वर-खाली करत राहा.

प्रश्न : लाकडी काडी घेतली. अंबाड्यातून आरपार घालते, तरी अर्ध्या तासात सगळं सुटतं. माझी काडी चुकीची आहे का?

उत्तर : काडी बरोबर आहे, घालायची रीत चुकते आहे. आरपार गेलेली काडी फक्त अंबाड्याला भोक पाडते. ती टाका घातल्यासारखी जायला हवी.

काडीचं टोक बाहेरच्या दिशेला करून कडेच्या वेढ्यातले पेन्सिलीच्या जाडीएवढे केस घ्या. टोक डोक्याला टेकलं की काडी पूर्ण उलटी फिरवा. ती फिरताना डोक्यालगतचे थोडे केस उचलते. आता टोक डोक्याला समांतर ठेवून अंबाड्याखालून सरकवा आणि पलीकडे पोहोचलं की तिथल्या वेढ्याचे थोडे केस घेऊन वर काढा. नीट बसली असेल तर काडी हलकेच हलवल्यावर डोक्याची कातडीही तिच्याबरोबर किंचित हलते. नुसता अंबाडाच हलत असेल तर डोक्यालगतचे केस काडीत आलेलेच नाहीत. टोक टोचत असेल तर काडी अर्धा सेंटिमीटर मागे घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. अंबाड्याची रुंदी मोजा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जास्त धरा. आठ सेंटिमीटरच्या अंबाड्याला चौदा-पंधरा सेंटिमीटरची काडी होते. काडी आखूड असेल तर ती बसावी म्हणून आपण नकळत अंबाडाच आवळतो.

आणि एक. नव्या काडीवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवून पाहा. धागा जिथे अडकेल तिथे केसही अडकणार. तेवढी जागा बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. नुकत्याच धुतलेल्या केसांवर गुळगुळीत धातूची काडी घसरते. त्या दिवशी आधी सैल वेणी घालून तिचा अंबाडा करा, वेणीच्या पेडांमध्ये काडीला धरायला जागा मिळते.

प्रश्न : केस गुडघ्यापर्यंत आणि दाट. कोणताही अंबाडा केला तरी मागे ओझं लोंबल्यासारखं वाटतं, यू पिना वाकतात.

उत्तर : एवढं वजन एका ठिकाणी टांगूच नका. मधोमध मागचा भांग पाडून दोन वेण्या घाला. मुळाशी सैल आणि खाली येताना नेहमीसारख्या. मग डावी वेणी उजवीकडे आणि उजवी डावीकडे नेऊन डोक्याच्या मागच्या उतारावर आडव्या पसरा, उरलेला भाग त्यांच्याभोवती चपटा फिरवा. भार दोन मुळांवर वाटला जातो आणि दोन्ही ओढी विरुद्ध दिशांना असल्याने अंबाडा एका अंगाला कलंडत नाही. प्रत्येक वेणीला तीन ते चार जाड यू पिना लागतील. वाकणाऱ्या पिना टाकून द्या. वाकलेली पिन सरळ करून वापरली तर पुन्हा तिथेच वाकते. दोन किंवा तीन दात्यांचा अंबाड्याचा काटा मिळाला तर तो एका काडीपेक्षा बरा, कारण भार दात्यांमध्ये विभागतो.

डोक्याच्या मागे जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या वर बसवलेला अंबाडा काही अंशी हाडावर टेकतो. त्याच्या खाली, मानेपाशी केलेला नुसता टांगलेला राहतो. भारी केसांना हा फरक फार जाणवतो.

प्रश्न : कानशिलांवरचे केस विरळ झालेत, तिथे बारीक पुटकुळ्याही येतात. हे अंबाड्यामुळे होतं का?

उत्तर : अंबाडा घट्ट आणि रोज त्याच जागी असेल, तर शक्यता मोठी आहे. सतत ओढ बसल्यामुळे जे केस जातात त्याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. 1907 साली घट्ट पोनी बांधणाऱ्या ग्रीनलंडच्या स्त्रियांमध्ये त्याची पहिली नोंद झाली, म्हणजे हे काही आजचं दुखणं नाही. सुरुवातीची लक्षणं तुम्ही लिहिलीत तीच : केसांच्या मुळाशी लाली, पुटकुळ्या, तुटके आखूड केस. पुष्कळदा विरळ जागेच्या पुढे, कपाळाच्या कडेला, बारीक लवीची एक रेघ शिल्लक राहते.

या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण धरतो आणि मग तिथे केस उगवत नाहीत. म्हणून अंबाडा आजच सैल करा, समोरच्या बटा मोकळ्या सोडा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पुटकुळ्यांवर घरगुती लेप लावत बसू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतील, तोवर आरशासमोर रोज मोजमाप नको. एक फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी ताडून पाहा.

प्रश्न : ओल्या केसांचा अंबाडा करून निघावं लागतं. चालेल का?

उत्तर : टाळा. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. ओला असताना तो किंचित लांबलेला असतो, वाळताना आखडतो. म्हणजे सकाळी सैल वाटलेला अंबाडा दहा वाजता आपोआप घट्ट होतो. आतलं वेटोळं मात्र संध्याकाळपर्यंत दमटच राहतं, खाज आणि वास त्यामुळेच येतो. वेळ नसेल तर केस जुन्या सुती कापडात दाबून पाणी टिपा आणि खांद्यावर सैल तीन पेडांची वेणी सोडा. अंबाडा नंतर, केस सुकल्यावर. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच केस धुवा.

प्रश्न : हेल्मेटखाली अंबाडा मावत नाही. मानेवर घेतला तर हेल्मेट पुढे सरकतं.

उत्तर : हेल्मेट पुढे सरकलं म्हणजे ते डोक्यावर नीट बसलेलंच नाही. तिथे तडजोड नको. प्रवासापुरता अंबाडा सोडा. मानेच्या अगदी खाली सैल वेणी घाला, ती एकदा दुमडून शेंडा वेणीच्या मुळाशी कापडी रबराने धरा आणि दुमड कॉलरच्या आत घाला. हेल्मेटच्या आत पिन, काडी, क्लचर काहीही ठेवू नका. धक्का बसला तर ते डोक्यातच रुततं. गाडीच्या सीटला डोकं टेकतानाही हाच नियम. मागचा अंबाडा मान पुढे ढकलतो, तेव्हा तो उंच घ्या किंवा वेणी पुढे घ्या. उतरल्यावर दोन यू पिनांनी दुमडलेल्या वेणीचाच अंबाडा होतो, पुन्हा विंचरायची गरज पडत नाही.