पट्टीची आस

प्रिय बाळ,

तुम्हा दोघांच्या अल्बमचं कच्चं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. तुझा ट्रम्पेट गोड लागलाय. पण बास नाही, ड्रम्स नाहीत, ठेका धरणारं कुणी नाही, म्हणून दिसेल ती मोकळी जागा तू भरून टाकतोस. तिसऱ्या ट्यूनमध्ये तुझ्या मैत्रिणीनं चार मॅलेटनी, म्हणजे वाजवायच्या काठ्यांनी, एक कॉर्ड लावली आणि सूर घुमत राहावा म्हणून पेडल दाबून ठेवलं. तिचा धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन घुमत होता, आणि तेवढ्यात तू आत शिरलास. मला फार हळहळ वाटली रे. ती आस, ती विरत जाणारी गुंज, पुरती ऐकायची होती.

तुझा सूर फुंक आहे तोवर टिकतो, वाढवता येतो, वाकवता येतो. तिचा सूर मॅलेट पडलं त्या क्षणापासून विरायला लागतो. तिच्या हातात उरतं ते एवढंच, की पेडलवरचा पाय उचलून तो थांबवायचा. तेव्हा आठवडाभर फक्त हे करा: तिचा पाय उचलला की तुझीही ओळ तिथेच संपली. बाकी काही वाजवू नका.

व्हायब्राफोनवाला गॅरी बर्टन आणि पियानोवाला चिक कोरिया यांनी १९७२ मध्ये ऑस्लोत रेकॉर्ड केलेला 'क्रिस्टल सायलेन्स' हा अल्बम पुन्हा ऐक. तिथे ट्रम्पेट नाही, पियानो आहे. दोघांचेही सूर विरणारे, म्हणून दोघंही एकमेकांसाठी थांबतात. तुमच्यात मात्र एकाचाच विरतो. सांभाळून घ्यायचं ते तूच.

आता सुराचं. बरेच व्हायब्राफोन कारखान्यातूनच ४४२ हर्ट्झच्या 'ए'ला लावून येतात, आणि तू ट्यूनर ४४०वर, म्हणजे किंचित खाली, ठेवून जातोस. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या तुझ्यासाठी हलणार नाहीत, तुलाच तिच्याकडे जायला हवं. शिवाय खोली तापली की तुझा ट्रम्पेट चढतो आणि तिच्या पट्ट्या किंचित उतरतात. एकदा दिवसभराच्या रेकॉर्डिंगमध्ये मी हे विसरलो, आणि संध्याकाळचा सगळ्यात जिवंत टेक टाकून द्यावा लागला. दर टेकआधी तिच्याकडून सूर माग. मोटरचंही आधी ठरवा. पट्ट्यांखालच्या नळ्यांतल्या चकत्या मोटरवर फिरायला लागल्या की तिचा सूर लहरतो, त्यात तुझं व्हायब्रेटो, तुझ्या सुराची थरथर, मिसळलं की दोन्ही गढूळ होतात.

ऑक्टोबर १९३० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत लुई आर्मस्ट्राँगला व्हायब्राफोन दिसला. ड्रमर लायनेल हॅम्प्टनला त्यानं विचारलं, हे वाजवता येतं का? 'मेमरीज ऑफ यू'च्या सुरुवातीला हॅम्प्टन वाजवतो तो तोच. एवढा मोठा ट्रम्पेटवाला, आणि आधी दुसऱ्याला वाजवू देतो. ती सुरुवात मी अजूनही अधूनमधून लावतो.

तिसरी ट्यून पुन्हा रेकॉर्ड करा. ती कॉर्ड आली की ट्रम्पेट ओठांवरून काढ आणि मांडीवर ठेव. पट्ट्या शांत झाल्या की मगच उचल, आणि ते मला पाठव.

तुझा,
सर