निर्यातबंदीचा कागद तुमच्याच मुलीनं लिहिला तर?

पत्र निफाड तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. मुलगी नाशिकला लॉच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. वडील लिहितात: "डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमचा लाल कांदा नुकताच काढायला आला होता. लिलाव बंद, भाव पडलेला. त्याच दिवशी ठरवलं की मुलीला दिल्लीत शेतमाल व्यापाराची मोठी सरकारी वकील करायची. असे निर्णय तिनं आत बसून थांबवायचे. पण ती कोर्टात बोलायला बिचकते. वक्तृत्वाला घातलं, मूट कोर्टला (सरावाच्या खटल्यांना) घातलं, उपयोग नाही. म्हणते, मला लिहायला आवडतं. पुण्यात एका ऑफिसात दोन महिने करारांचे मसुदे करायची इंटर्नशिप मिळाली होती, कागदी काम म्हणून मी नको म्हणालो. कोणती परीक्षा द्यावी आणि तिची भीती कशी घालवावी?"

सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. कांदा आणि त्याचा भाव त्यात पुन्हा पुन्हा आलाय आणि मुलीचं म्हणणं एकदा, तेही तक्रार म्हणून. परीक्षेचं बघू, ते अवघड नाही. मला काळजी वाटली ती "त्याच दिवशी ठरवलं" या तीन शब्दांची. त्या दिवशी तुम्ही ठरवलंत. ती तेव्हा होस्टेलवर असेल, कदाचित परीक्षेचा अभ्यास करत असेल.

तुमचा राग खोटा नाही. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून वाट बघता येत नाही. काढला की विकावाच लागतो, आणि नेमक्या त्या आठवड्यात वरून कागद आला. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतंच, डिसेंबरात थेट बंदी. ३१ मार्चपर्यंत म्हणाले आणि पुढे वाढवली. मे २०२४ मध्ये उठवली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. हे सोसलेल्या माणसाला मी शांत राहा म्हणणार नाही. पण त्या हंगामाची वसुली मुलीच्या करिअरमधून करू नका. तिनं ते कर्ज काढलेलं नाही.

आता तुमच्या पत्रातला मुख्य गैरसमज. सरकारी वकील आत बसून निर्णय थांबवतो, असं तुम्ही धरून चालला आहात. वकिलाला अशील असतो, आणि सरकारी वकिलाचं अशील सरकार असतं. निर्यात बंद करायची की नाही हे मंत्री आणि सचिव ठरवतात. ते ठरलं की तो निर्णय १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यात बसतो का, जागतिक व्यापार संघटनेच्या करारात अडकतो का, उद्या कुणी हायकोर्टात गेलं तर टिकेल का, हे कायद्याच्या माणसानं पाहायचं. तो धोका दाखवू शकतो, फाइलीवर स्पष्ट नोंद करू शकतो, आणि चांगला असेल तर करतोही. पण निर्णय झाल्यावर त्याच निर्णयाची बाजू त्याला मांडावी लागते. म्हणजे तुमची मुलगी तुमच्या स्वप्नातल्या खुर्चीवर बसली, तर पुढच्या बंदीच्या अधिसूचनेचा मसुदा तिच्या टेबलावर येईल. 'खुली' च्या जागी 'प्रतिबंधित' हा शब्द तीच तपासेल. बंदीआधी ज्यांचं लोडिंग सुरू झालं किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला, त्यांना सूट देणारी ओळही तीच तपासेल. त्या ओळीतल्या एका शब्दावर कुणाचा कंटेनर बोटीवर चढतो आणि कुणाचा बंदराच्या दारातून परत फिरतो. तेव्हा तुम्ही घरी तिच्याशी बोलाल ना?

जागतिक व्यापार संघटनेचा मालाच्या व्यापाराचा जो मूळ करार, गॅट, त्याच्या अकराव्या कलमानुसार निर्यातबंदीला एरवी मनाई आहे. खाद्यपदार्थांच्या 'तीव्र' टंचाईत 'तात्पुरती' बंदी घालायला मात्र मुभा आहे. टंचाई तीव्र कधी म्हणायची? ३१ मार्चपर्यंतची बंदी पुढे ढकलली तर ती तात्पुरतीच राहते का? सरकारचा वकील या दोन शब्दांवर कित्येक पानं लिहू शकतो, तुमच्या विरुद्ध, आणि प्रामाणिकपणे. या कामाची बुद्धिमत्ता अशी असते.

उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मी घाबरवतोय. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताच्या ऊसदरावरून जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, तक्रार केली. त्यांचं म्हणणं, भारत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) ठरवून ऊस उत्पादकाला मर्यादेबाहेर आधार देतो. मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के. भारताच्या बाजूनं युक्तिवाद असा होता की हा दर सरकार देतच नाही, कारखाने देतात. मग ती सरकारी मदत कशी? कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्याच्या मनातलं वाक्य जिनिव्हात कायद्याच्या भाषेत गेलं होतं. तंटा ऐकणाऱ्या पॅनेलनं ते मानलं नाही. डिसेंबर २०२१ च्या निकालात २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत मर्यादा ओलांडल्याचं ठरलं. भारत अपिलात गेला, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं, त्यामुळे निकाल लटकला. इथे सरकारचा वकील शेतकऱ्याच्या बाजूला होता आणि कांद्यात पलीकडे. खुर्ची तीच. ज्याला हे पचतं त्यानंच तिथे जावं.

शेतकऱ्यासाठी लढणारं कुणीतरी हवं ही तुमची मूळ इच्छा असेल, तर तो रस्ता वेगळा आहे आणि तोही चांगला आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आले, मग चाकणच्या कांद्यावर आंदोलन उभं राहिलं. ते वकील नव्हते, आणि सरकारच्या आत बसून त्यांनी ते केलं नाही. वकिलांसाठी हायकोर्ट आहे, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे करार आहेत, परदेशात नाकारलेल्या मालाचे दावे आहेत. २०१० साली युरोपनं औषधाच्या अंशावरून द्राक्षं अडवली होती, ते निफाडकरांना मी काय सांगणार! तेव्हा निर्यातदाराबरोबरचा करार नीट लिहिलेला असता तर नुकसान कुणाच्या अंगावर पडायचं हे आधीच ठरलं असतं. तसे करार लिहिणारी माणसं अजूनही कमी आहेत. पुण्याच्या त्या इंटर्नशिपमध्ये नेमकं हेच शिकवतात, आणि ती तुम्ही नाकारलीत. अजून मिळत असेल तर आजच हो म्हणा.

तिच्या 'भीती'बद्दल तर मला तुमच्याशी भांडायचंच आहे. व्यापार कायद्यात काळा कोट घालून गरजणारा वकील फारसा कुणाला लागत नाही. जिनिव्हातल्या तंट्यात पॅनेलसमोर साधारण दोन बैठका होतात. बाकी महिनोन्‌महिने लेखी निवेदनं, प्रश्नांची लेखी उत्तरं, आकड्यांची परिशिष्टं. शेतीच्या आधाराचा हिशेब आजही १९८६ ते ८८ च्या संदर्भ किमतींवर होतो. ते कोष्टक अर्थशास्त्रज्ञाशेजारी बसून समजून घेणारा माणूस तिथे सोन्याचा. माझी एक जुनी विद्यार्थिनी दिल्लीत अशा कामावर आहे. एकदा फोनवर म्हणाली, "सर, आख्खा आठवडा आम्ही 'करील' की 'करण्याचा प्रयत्न करील' यावर घालवला." आनंदात सांगत होती. तुमची मुलगी म्हणते मला लिहायला आवडतं, आणि तुम्ही तो आजार समजून तिला वक्तृत्वाला पाठवलंत. इतक्या वर्षांत मी इतका उलटा उपचार क्वचित पाहिलाय.

परीक्षेचं थोडक्यात. आधी पदवी, सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. विधी मंत्रालयातल्या इंडियन लीगल सर्व्हिसच्या जागा यूपीएससी जाहिरात काढून भरते आणि वकिलीचा अनुभव मागते, त्यामुळे डिग्री झाल्या झाल्या तिथे दार उघडत नाही. वाणिज्य मंत्रालयानं उभारलेलं व्यापार व गुंतवणूक कायदा केंद्र दिल्लीत आहे, तिथे तरुण वकिलांना संशोधनाच्या कंत्राटी जागा असतात; या विषयात पाय टाकायला ती जागा मला सगळ्यांत बरी वाटते. तुम्ही म्हणता तशी 'मोठी' वकील व्हायला पंधरा-वीस वर्षं धरा. तोवर कांद्याचे किती हंगाम जातील ते तुम्ही मोजा.

तुमच्यासाठी माझ्याकडे आणखी सल्ला नाही. तिच्यासाठी एक काम आहे. डिसेंबर २०२३ ची ती अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळेल, फार लांब नसेल. ती आणि गॅटचं अकरावं कलम शेजारी ठेवून तिनं चार पानं लिहावीत: दोन सरकारच्या वतीनं, दोन निफाडच्या कांदा उत्पादकाच्या वतीनं. कोणती दोन लिहिताना वेळेचं भान राहिलं नाही, तेवढंच तिनं मला स्वतः कळवावं. आणि ती पानं तिनं आधी तुम्हाला दाखवलीच पाहिजेत, असं काही नाही.