जुनी क्रेटा डिझेल: १.४ की १.६?

प्रश्न: भाऊ, दारव्ह्याजवळ गाव आहे आमचं. २०१७ च्या दोन ह्युंदाई क्रेटा पाहून राहिलो, १.४ लिटर इंजिनची स्वस्तात भेटते, १.६ ची महाग. घरचे पाच जण, महिन्यातून एकदा नागपूर. कोणती घेऊ?

उत्तर: दादा, पाच जण म्हणता तर मी १.६ च म्हणीन. १.४ ला ९० पीएस ताकद अन् २२० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ, १.६ ला १२८ अन् २६०. एकट्यादुकट्याला १.४ पुरते, पण गाडी भरलेली, एसी चालू, समोर कापसाचा ट्रॅक्टर, अन् ओव्हरटेक मारायचं म्हटलं की फरक लगेच समजते, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) उचलेपर्यंत गिअर पाडत बसावं लागते.

पण इंजिन केवढं यापेक्षा गाडी कशी वापरली ते आधी पाहजा. सकाळी, न सांगता जा, बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवली समजा. माझ्या भाच्यानं दुपारी गरम गाडी पाहून सौदा केला अन् थंडीत रोज निळा धूर, म्हणजे ऑइल जळून राहिलं होतं. रेस दिल्यावर दाट काळा धूर आला तर इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), टर्बो तपासून घ्या. सर्व्हिसची बिलं मागाच. बिलं नसलेल्या १.६ पेक्षा वेळेवर ऑइल बदललेली १.४ केव्हाही घ्या.