प्रोसेसर बदला, विंडोज राहू द्या

प्रश्न : माझ्या संगणकात रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि विंडोज १० प्रो आहे. त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसवायचा विचार आहे. दुरुस्ती करणारे म्हणतात, प्रोसेसर बदलला की फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावंच लागतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच आहेत. फॉरमॅट टाळता येईल का? सी ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसतं, त्याचा यात काही संबंध येतो का?

उत्तर : फॉरमॅट टाळता येईल आणि तुम्ही तो टाळाच. कुलपाचा संबंध मात्र आहे, आणि फार जवळचा आहे. म्हणून तुम्ही तो प्रश्न विचारलात याचं मला खरंच बरं वाटलं.

‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला विंडोज एक्सपीच्या काळातला. तेव्हा एक कोर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) असलेल्या संगणकासाठी विंडोजचा एक पायाभूत घटक बसायचा आणि अनेक कोर असलेल्यासाठी दुसरा. कोणता बसवायचा हे इन्स्टॉल करतानाच ठरून जायचं. आताचं विंडोज दर वेळी सुरू होताना प्रोसेसरची चौकशी करतं: कोर किती, कोणत्या सूचना कळतात. सहा कोरच्या जागी आठ दिसले तर ते आठ वापरू लागतं. तुमचा तर बोर्डही तोच राहणार आहे, म्हणजे डिस्क, नेटवर्क, आवाज यांचे ड्रायव्हर जिथल्या तिथे. विंडोजचं ॲक्टिव्हेशनही मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे नुसत्या प्रोसेसरने ते सहसा जात नाही. तरी लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं तेवढं बनवणाऱ्यांना विचारा. काही सॉफ्टवेअर आपलं लायसन्स प्रोसेसरच्या ओळखीवर बांधतात आणि ते आधी रद्द करून मग पुन्हा चालू करावं लागतं.

आता कुलूप. ते बिटलॉकरचं चिन्ह आहे, म्हणजे तुमची डिस्क सांकेतिक रूपात आहे. तिची किल्ली टीपीएमच्या, म्हणजे किल्ल्या जपून ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेच्या, ताब्यात असते, आणि तुमच्यासारख्या संगणकात बहुधा वेगळी टीपीएम चिप नसते. ते काम प्रोसेसरच करतो. प्रोसेसर काढला की किल्लीचा राखणदार गेला. नवा बसवून संगणक सुरू केलात की काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना येते: नवा प्रोसेसर आढळला, जुनी टीपीएम नोंद पुसायची तर ‘वाय’, ठेवायची तर ‘एन’. घाईघाईत ‘वाय’ दाबला आणि रिकव्हरी की (डिस्क उघडायची पर्यायी किल्ली) हाताशी नसली, तर डेटा डिस्कवर असूनही कायमचा हाताबाहेर जातो. कुठलाही दुरुस्तीवाला तो परत आणू शकत नाही. ‘एन’ दाबला तर निदान जुना प्रोसेसर परत बसवून मागे फिरता येतं.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बिटलॉकरच्या सेटिंगमध्ये ती छापण्याची सोय आहे. त्याच संगणकात साठवून ठेवलेली की कामाची नाही. मग बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. संगणक एकदा पुन्हा सुरू झाला की ते आपोआप परत चालू होऊ शकतं, तेव्हा बायोस (संगणक सुरू करणारं, बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी एकदा आणि प्रोसेसर काढण्याआधी पुन्हा एकदा सस्पेंड करा. आणखी एक: विंडोजचा पिनही टीपीएमवरच अवलंबून असतो. तो नंतर चालणार नाही, पासवर्ड लागेल. रोज पिन टाकणाऱ्यांना पासवर्ड आठवत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. आजच एकदा टाकून बघा. आणि फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्याच.

बायोस आधी, प्रोसेसर नंतर. तुमचा सध्याचा बायोस जुना असेल तर ५७००एक्स त्याला ओळखताच येणार नाही. पंखे फिरतील, पडदा काळाच राहील. तुमचा बी३५० ज्या ३०० मालिकेतला आहे, तिच्या बोर्डांना रायझन ५००० चालवण्याची मुभा एएमडीने २०२२ मध्ये दिली. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत आपलं मॉडेल आणि त्याची आवृत्ती तंतोतंत जुळवून, ५७००एक्ससमोर कोणता बायोस लिहिला आहे ते बघा. कधी कधी मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, तेही तिथेच लिहिलेलं असतं. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, आणि त्या काही मिनिटांत वीज जाणार नाही याची सोय करा.

अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय होता की रेड, आणि विंडोज लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होतं की यूईएफआय म्हणजे नव्या, ही दोन पानं सर्वांत मोलाची. यातलं एक जरी बदललं तरी विंडोज उठत नाही. निळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो, किंवा बूट डिस्कच नाही असं दिसतं. इथेच लोक हात टेकतात आणि फॉरमॅट करतात. सेटिंग जुनं केलं की तेच विंडोज सुरू होतं! कितीतरी चांगली इन्स्टॉलेशन्स या एका गोष्टीपायी उगाच पुसली गेली आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

प्रत्यक्ष बदलताना एकच सांभाळा. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) पिना प्रोसेसरला असतात. थंड पडलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) चिकटून बसते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. संगणक थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. नवा प्रोसेसर सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवा, दाबू नका. ताजी पेस्ट लावा. पहिल्यांदा पडदा उजळायला वेळ लागतो, तेवढ्यात वीज बंद करू नका.

विंडोज सुरू झालं की एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर ताजा करा, रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) पुन्हा चालू करा, आणि बिटलॉकर परत सुरू झाल्याची खात्री करा. रायझन ५ १६०० विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नव्हता, ५७००एक्स आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पुढे ११ वर जायला हवंच. पण दोन्ही बदल एकाच दिवशी नकोत. काही अडलं तर कशामुळे अडलं ते कळणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे आय३-८१०० आणि लिनक्स मिंट आहे. मित्र त्याचा जुना आय७-७७०० देतो आहे. सॉकेट दोन्हींचा एलजीए ११५१. मिंट पुन्हा टाकावं लागेल का?

उत्तर : मिंटचा प्रश्नच येत नाही, कारण हा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर चालणारच नाही. सॉकेटचं नाव एकच असलं तरी इंटेलने आठव्या पिढीपासून त्याची जोडणी बदलली. तुमच्या आठव्या पिढीच्या आय३ ला लागणाऱ्या, इंटेलच्या ३०० मालिकेच्या बोर्डाला सातव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. मित्राला नम्रपणे नाही म्हणा आणि आय७-८७०० किंवा ९७०० मिळतो का बघा. नवव्या पिढीसाठी बायोस अपडेट लागू शकेल. मिंटचा कर्नल (गाभा) या सगळ्या पिढ्यांना पुरेसा आहे, त्याला हात लावू नका. एखादा प्रोग्राम तुम्ही स्वतः जुन्या प्रोसेसरसाठी खास कंपाइल केला असेल, तर तेवढा मात्र नव्याने कंपाइल करून घ्या.